रिकाम्या रस्त्याचा हिरवा दिवा

आमच्या गावच्या मुख्य रस्त्यावर नऊ सिग्नल आहेत. त्यांतल्या सहाव्या सिग्नलला मिळणारा आडवा रस्ता एका बंद पडलेल्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये जाऊन संपतो. दुकानाला टाळं लागून वर्षं झाली, पार्किंगच्या भेगांतून गुडघाभर गवत वाढलंय. तरी त्या रस्त्याला दर दोन मिनिटांनी पस्तीस सेकंद हिरवा दिवा मिळायचा. तेवढा वेळ मुख्य रस्त्यावर दोन्ही अंगांनी मिळून वीसेक गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या. समोरून आडवं जाणार कोण, तर एखादी खार.

गाव म्हणायचं आपलं. आहे अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं, पन्नास हजारांच्या आतल्या वस्तीचं शहर. मी सांगलीत सिव्हिल केलं, इकडं येऊन पुढचं शिकले, काही वर्षं कन्सल्टंटकडं काढली आणि आता या शहराच्या नोकरीत ट्रॅफिक इंजिनिअर आहे. हा रस्ता सुधारायला आम्ही केंद्र सरकारचे पैसे मागितले, तेही कार्बन कमी करण्याच्या खात्यातून. अर्जापासून दिवे बदलेपर्यंत तीन वर्षं गेली.

झालं असं, की नोव्हेंबर २०२१ मध्ये इथं पायाभूत सुविधांचा मोठा कायदा झाला आणि त्यात 'कार्बन रिडक्शन प्रोग्रॅम' नावाचं नवं खातं उघडलं. पाच वर्षांत ६.४ अब्ज डॉलर, राज्यांना ठरलेल्या सूत्रानं. राज्याच्या वाट्यातले ६५ टक्के लोकसंख्येप्रमाणे लहान-मोठ्या शहरांना आणि ग्रामीण भागाला द्यायचे, बाकीचे राज्यानं हवे तिथं वापरायचे. बस, सायकलचे रस्ते, पदपथ, कमी वीज खाणारे पथदिवे आणि सिग्नलची सुधारणा, असं सगळं त्यात बसतं. याआधी १९९१ पासून 'सीमॅक' म्हणून एक योजना होतीच, पण ती मुख्यतः हवा आधीच बिघडलेल्या भागांसाठी. आमची हवा कागदावर स्वच्छ, त्यामुळं त्या दारात आम्हाला कुणी उभं करत नव्हतं.

केंद्राचे ८० टक्के, आमचे २०. आणि केंद्राचे पैसे आधी हातात येत नाहीत. काम करा, बिल भरा, पावत्या पाठवा, मग परतफेड. आपल्याकडच्या अनुदानासारखंच, फक्त फाइल इंग्रजीत.

वाटप करते आमच्या भागाची नियोजन संस्था. शहरी पट्ट्याची वस्ती पन्नास हजारांवर गेली की अशी संस्था लागतेच. आमचं गाव आणि शेजारची चार गावं मिळून एक. २०२२ च्या शरद ऋतूत त्यांनी अर्ज मागवले. शंभर गुणांचा तक्ता होता आणि त्यातले चाळीस गुण एकाच आकड्याला: दिवसाला किती किलो कार्बन वाचणार?

हा आकडा कसा काढतात ते आण्णांना फोनवर सांगायला मला दोन मिनिटं लागली. आण्णा एसटीत चालक होते. डेपोतल्या फळ्यावर प्रत्येक चालकाचं केपीटीएल लिहिलेलं असायचं, म्हणजे दहा लिटर डिझेलमागं गाडी किती किलोमीटर काढली ते. फळ्यावरचं आपलं नाव वर राहावं म्हणून आण्णा रेल्वे फाटकाला न चुकता गाडी बंद करायचे.

"तुमच्याकडं सिग्नलला इंजिन बंद करत न्हाईत व्हय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. बाहेर उणे दहा असतंय आण्णा, हीटर कोण बंद करंल?"

"मग उभ्या उभ्या तेल किती जातंय ते काढ आणि लिही. त्यात काय एवढं?"

खरंच त्यात एवढंच आहे. आमच्या रस्त्यावर रोज १९,००० गाड्या. नऊ सिग्नलांवर मिळून प्रत्येकीचा २४ सेकंद खोळंबा कमी केला तर दिवसाला १२६ तास वाचतात. उभी गाडी तासाला साधारण लिटरभर पेट्रोल पिते. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. (लिटरभर पेट्रोलचं वजन किलोभरही नसतं, मग धूर त्याहून जड कसा, हे आण्णांनी लगेच विचारलं. कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, म्हणून.) झाले दिवसाला २९० किलो. अर्जासोबतच्या एक्सेल फाइलीत ट्रक किती, वेग किती, कोणतं वर्ष असं बरंच भरावं लागतं, पण गाभा हाच. त्या फाइलीला बसमधली तीस माणसं आणि पिकअपमधला एकटा माणूस दोन्ही सारखेच, 'एक वाहन'. हे मला तेव्हाही खटकलं होतं आणि आताही खटकतं.

हे चोवीस सेकंद हवेतून आणता येत नाहीत, आधीचा खोळंबा मोजावा लागतो. म्हणून मी आमच्या सिग्नल टेक्निशियनबरोबर चौकाचौकांत फिरायला लागले. गावात त्रेपन्न सिग्नल आणि ते दुरुस्त करणारा माणूस एक. साठी ओलांडलेला, कमी बोलणारा, कायम शर्टाच्या खिशात पेन्सिल. मी मनातल्या मनात त्यांना मामा म्हणते. आपल्याकडं ट्रॅफिकवाल्याला मामाच म्हणतात, तेव्हा नातं काही चुकलेलं नाही.

सहाव्या चौकातली पेटी मामांनी उघडली. फ्रिजएवढी ॲल्युमिनियमची पेटी. आत तापलेल्या धुळीचा वास, तळाला मुंग्यांचं घर, दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत पिवळा पडलेला कागद. या पेटीला कुणी, कधी, कशासाठी हात लावला त्याच्या नोंदी, बहुतेक सगळ्या मामांच्या पेन्सिलीतल्या. मधल्या फळीवर कार्डांची एक ओळ आणि प्रत्येक कार्डावर बारीक लाल दिवा. रस्त्यात डांबराखाली तारेचं वेटोळं पुरलेलं असतं. त्यावर गाडी आली की कार्डावरचा दिवा लागतो, गेली की विझतो. मुख्य रस्त्याचे दिवे लुकलुकत होते. आडव्या रस्त्याचा दिवा मात्र लागलेलाच. मामांनी त्याला टिचकी मारली. तरी लागलेलाच.

"चार वर्षांपूर्वी डांबर खरवडलं तेव्हा तार तुटली," ते म्हणाले.

तार तुटली की गाडी कायम उभीच आहे असं कंट्रोलर, म्हणजे दिवे बदलणारं पेटीतलं यंत्र, धरून चालतो. कुणी लाल दिव्यासमोर जन्मभर अडकू नये म्हणून केलेली सोय आहे ती, आणि योग्यच आहे. पण तिच्यापायी चार वर्षं त्या गवताला पस्तीस-पस्तीस सेकंद हिरवा दिवा दिला जात होता.

"दुरुस्तीला किती वेळ लागेल?"

"नवी तार टाकायची तर उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागेल. गोदामात एक जुना कॅमेरा पडलाय, तो खांबावर चढवला तर दोन तास."

"मग चार वर्षं का नाही चढवला?"

मामांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. त्रेपन्न पेट्या आणि एक माणूस, हा हिशेब मला यायला हवा होता.

इथं माझी पंचाईत झाली. कॅमेरा आज चढवला तर आजच खोळंबा कमी होणार. म्हणजे 'आधीची स्थिती' सुधारणार, सुधारणेतून होणारी बचत घटणार आणि चाळीसपैकी गुण कमी पडणार. साहेबांचं म्हणणं स्पष्ट होतं: अर्ज जाऊ दे, मग लावा काय लावायचं ते. रस्ता जितका बिघडलेला दिसेल तितकी सुधारणा मोठी दिसेल. साहेब वाईट माणूस नाही. त्याला गावासाठी पैसे आणायचे होते, आणि तक्ता त्यानं बनवलेला नव्हता. मी तीन आठवडे गप्प बसले, तेही इथं लिहून टाकते. त्या तीन आठवड्यांत मोजणी पूर्ण झाली आणि २९० चा आकडा अर्जात जाऊनही बसला.

मग एका सकाळी सहाव्या सिग्नलला मी स्वतःच अडकले. पुढं शाळेची पिवळी बस, तिच्या मागच्या काचेतून एक पोरगं मला वाकुल्या दाखवतंय, उजवीकडचा रस्ता ओस आणि त्याला हिरवा दिवा. मी आकडे मोजायला लागले. पस्तीसपर्यंत पोचेस्तोवर पोरगं कंटाळून पलीकडं बघायला लागलं. ऑफिसात पोचल्यावर मामांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते शिडीची गाडी घेऊन गेले आणि जेवणाच्या सुट्टीआधी परत आले.

नियोजन संस्थेला मी मेल करून विचारलं की 'सध्याची स्थिती' म्हणजे कधीची धरायची? अर्जाच्या तारखेची, असं उत्तर आलं. म्हणजे परत मोजणी. चोवीस सेकंदांचे सोळा झाले आणि २९० किलोंचे १९५. एकूण बचत काही कमी झाली नव्हती. तिच्यातला तिसरा हिस्सा गोदामातल्या जुन्या कॅमेऱ्यानं आणि मामांच्या दोन तासांनी आधीच पदरात पडला होता. पण सरकारी पैशाविना वाचलेल्या कार्बनला तक्त्यात रकाना नव्हता.

यादी लागली तेव्हा आम्ही पाचवे आणि पैसे चौथ्यापर्यंत. साहेब काही बोलले नाहीत, पण दोन दिवस दार लावून बसले. नंतर शेजारच्या एका गावानं माघार घेतली. त्यांना त्यांचे वीस टक्के जमले नाहीत. त्यांच्या जागी आमचा नंबर लागला. त्यांचं काम पदपथाचं होतं, आमच्यापेक्षा चांगलं होतं असं माझं मत आहे. गरीब गावाला वीस टक्केही जड जातात, आणि अशा योजनांत ते गाव आधी गळतं.

आमच्या वीस टक्क्यांसाठी सिटी कौन्सिलचा ठराव हवा होता. एकूण काम नऊ लाख डॉलरचं: नवे कंट्रोलर, कॅमेरे, सगळ्या पेट्यांतली घड्याळं एका ठोक्यावर ठेवणारी यंत्रणा आणि दोन खांब. आमचा वाटा एक लाख ऐंशी हजार. मी स्लाइडवर लिहिलं होतं की कामाच्या दिवसांचाच हिशेब धरला तर वर्षाला सुमारे ४९ टन कार्बन वाचेल. एका सदस्यानं विचारलं, ४९ टन म्हणजे किती? इथल्या पर्यावरण खात्याच्या हिशेबानं साधारण गाडी वर्षाला ४.६ टन सोडते. तेव्हा साडेदहा गाड्यांचा वर्षाचा धूर, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "मग दहा जणांच्या गाड्याच विकत घेऊन टाकू, निम्म्यात काम होईल!" सभागृह हसलं. मीही हसले, कारण हिशेब बरोबर होता. पण कार्बनसाठी म्हणून कुणी सिग्नल बदलत नाही. सिग्नल म्हातारे झाले म्हणून बदलतात, आणि पैसे ज्या खात्यात असतील त्या खात्याची भाषा बोलतात. ठराव एका मताच्या फरकानं मंजूर झाला.

त्या बैठकीत वॉकर घेऊन आलेल्या एक आजी शेवटी उठल्या. त्यांचा प्रश्न एकच होता. गाड्या झरझर जाणार हे कळलं, पण मी कधी जाणार? माझ्याकडं उत्तर नव्हतं. इथल्या नियमात पादचाऱ्याचा वेग सेकंदाला साडेतीन फूट धरतात. दुसऱ्या दिवशी मी आजींबरोबर चौथ्या सिग्नलला रस्ता ओलांडला, हातात घड्याळ धरून. सेकंदाला सव्वादोन फूट. आम्ही दुभाजकाशी पोचलो तोवर समोरचा आकडा शून्यावर आला होता आणि एका ट्रकवाल्यानं आमच्यासाठी ब्रेक दाबून ठेवला होता. आजींनी त्याला हात केला. म्हणाल्या, रोजचंच आहे. चौथ्या सिग्नलला पादचाऱ्यांचा वेळ वाढवायचं मी तेव्हाच ठरवलं. त्यापायी हिशेबातले काही किलो जाणार होते. जाऊ देत म्हटलं.

पुढचं वर्ष-दीड वर्ष कागदांचं. सगळं सांगत बसले तर तुम्ही झोपाल, पण माझी चूक सांगायलाच हवी. राज्याकडून 'काम सुरू करा' असं पत्र येण्याआधी झालेल्या खर्चातला एक डॉलरही परत मिळत नाही. पत्र आज-उद्या येणारच होतं, कन्सल्टंटची माणसं मोकळी होती, त्यांनी फोनवर विचारलं आणि मी "हो, हरकत नाही" म्हणाले. पत्र आलं नऊ दिवसांनी. त्या नऊ दिवसांचं अकरा हजार डॉलरचं बिल लाल रेघ मारून परत आलं. ते भरले रस्त्यावरचे पट्टे रंगवायच्या पैशांतून. त्या वर्षी तीन चौकांतले झेब्रा पट्टे पुसटच राहिले. त्यातला एक चौक माझ्या मुलीच्या शाळेसमोरचा आहे, म्हणजे माझी चूक मला रोज सकाळी पावणेआठला दिसायची.

बाकीच्या अडचणींतली एक मला आवडली. नवा कॅमेरा एका झाडाआड येत होता. उन्हाळ्यात एका दुर्मीळ जातीची वटवाघळं अशा झाडांच्या सालीखाली राहतात, म्हणून हिवाळा सोडून ते तोडता येत नाही. आम्ही झाड ठेवलं आणि खांब सहा फूट सरकवला. दुसरी अडचण तेवढी गमतीची नव्हती. केंद्राचा पैसा असेल तर पोलाद अमेरिकेतच वितळवलेलं लागतं आणि कारखान्याचा तसा दाखला लागतो. खांब दाराशी येऊन पडले, पण खांबाखालच्या बोल्टांचा दाखला आला नाही. त्या मूठभर बोल्टांसाठी तीन आठवडे खांब ताडपत्रीखाली.

या सगळ्यात वरचं राजकारणही हलत होतं. राज्यांनी महामार्गांवरच्या कार्बनचं लक्ष्य ठरवावं असा नियम डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये टेक्सास आणि केंटकीतल्या न्यायालयांनी तो मोडीत काढला. जानेवारी २०२५ मध्ये सरकार बदललं आणि त्या मोठ्या कायद्यातल्या पैशांचं वाटप थांबवा असा आदेश पहिल्याच दिवशी निघाला. आमचे पैसे आदल्या सप्टेंबरात करारात बांधले गेले होते, म्हणून निभावलं. तरी त्या आठवड्यात मी रोज सकाळी चहाआधी मेल उघडत होते.

ऑक्टोबर २०२५ मधल्या एका रविवारी पहाटे चारला नवी वेळ चालू केली. आधी दोन मिनिटांचा असलेला फेरा दीड मिनिटावर आणला. त्यामुळं लाल दिवा छोटा झाला आणि पायी चालणाऱ्याचं ताटकळणंही कमी झालं. मी पहिल्या सिग्नलपासून गाडी काढली. दुसरा हिरवा, तिसरा हिरवा, चौथा मी पोचताना हिरवा झाला. पाचवा, सहावा. सातव्याला लाल. मामा रेडिओवर म्हणाले, तू हळू चालवतेस. खरं होतं, मी डोळे फाडून दिवे बघत होते. दुसऱ्या फेरीला नऊच्या नऊ हिरवे मिळाले. आण्णांना व्हिडिओ पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "फाटकच न्हाई म्हणजे. मग केपीटीएल कितीनं वाढलं?"

डिसेंबरात परत मोजलं. सोळा सेकंदांऐवजी चौदा, १९५ किलोंऐवजी १७०. मधले दोन सेकंद बहुतेक आजींच्या चौकात गेले असावेत. आता रस्ता सुरळीत झाला म्हटल्यावर मागच्या रस्त्यानं जाणारे लोकही इकडं वळतील आणि दोन-तीन वर्षांत त्या १७० मधलेही काही किलो धुरात जातील. हे होतं, सगळीकडं होतं. एक्सेलमध्ये त्याला रकाना नाही, आणि असता तर मी तो कोणत्या तोंडानं भरला असता कोण जाणे.

केंद्राच्या पैशातून नवी पेटी घेता येते, तिच्या रोजच्या देखभालीचा पगार देता येत नाही. मामा येत्या उन्हाळ्यात निवृत्त होतायत. त्यांची जागा भरायची की नाही ते पुढच्या अंदाजपत्रकात ठरणार आहे. मी दोन माणसं मागितली आहेत.

परवा सहाव्या चौकात शेवटची तपासणी होती. नव्या पेटीला अजून प्लास्टिकचा वास येतो. मामांनी जुन्या पेटीतला पिवळा कागद घडी घालून नव्या दाराच्या आत अडकवला आणि त्यावर पेन्सिलीनं तारीख टाकली. कार्डांवरचे लाल दिवे लागत होते, विझत होते. खांबावरून उतरवलेला जुना कॅमेरा मी डिकीत टाकायला निघाले होते, भंगारात द्यायला.

"तो राहू दे," मामा म्हणाले. "एकतीस नंबरच्या पेटीतला एक दिवा विझत नाहीये."